आत घेतलेला होकार

उत्तर स्वीडनमध्ये ‘हो’ म्हणायला
शब्द लागत नाही.
ओठांचा चंबू करून गार हवेचा एक घोट
आत ओढायचा, बशीतला चहा भुरकावा तसा.
झालं.
दुकानात, दवाखान्यात,
लग्न ठरवतानासुद्धा.

यिल्वा दक्षिणेची, बिटाच्या शेतांकडची.
पहिल्या हिवाळ्यात तिला वाटलं
इथे सगळ्यांना दमा आहे.
दुसऱ्या हिवाळ्यात तीही हवा ओढू लागली,
तेव्हा बर्फ काढणाऱ्या सिक्स्टनने
मनोऱ्याच्या काचेकडे बघत
टोपी उचलून मान लववली होती.

जानेवारी. पहाटेचे चार अकरा. उणे सव्वीस.
धावपट्टीवर सिक्स्टनचा बर्फनांगर,
स्वतःच उडवलेल्या पांढऱ्या धुरळ्यात हरवलेला.
टोकाशी टपालाचं विमान. पोटात पोती,
पंखांवर फवारलेलं औषध
आणखी सहा मिनिटंच टिकणारं.
यिल्वाच्या फळीवर लाल पट्टी:
धावपट्टी अडलेली.

‘सिक्स्टन, बाहेर आलास?’

कानात बटणाची टिचकी.
मग हवेचा घोट.
मग शिट्टी,
एकाच लहरीवर दोघं एकदम बोलले की वाजते ती,
आणि तिच्या शेपटाला वैमानिकाचं
‘…तयार आहोत.’

तिने लाल पट्टी उचलली,
कॉफीच्या कपाशेजारी ठेवली
आणि म्हणाली, निघा.

वैमानिकाला धुरळ्याच्या आत
एक पिवळा दिवा गरगरताना दिसला.
दिव्याखाली काय असेल याचा विचार
त्याने हवेत गेल्यावर केला.
सिक्स्टनला वाटलं, ब्रशचा पट्टा तुटला.
खाली उतरून त्याने टॉर्च मारून पाहिलं:
पट्टा शाबूत.
फक्त छपरावरचा बर्फ
कुणीतरी झाडून नेल्यासारखा साफ.

चौकशीच्या खोलीत ती चार सेकंदांची फीत
एकोणीस वेळा वाजवली.
आर्नविद नावाचे तपासनीस
प्रत्येक वेळी डोळे मिटत.
‘इथे तो हो म्हणतोय,’ यिल्वा म्हणाली,
‘इथलं हो. मला येतं ते आता.’

सिक्स्टन कोपऱ्यात टोपी पिळत बसला होता.
‘नाही,’ तो म्हणाला.
‘मी नुसता श्वास घेतला.
“अजून नाही” म्हणायचं होतं.
दोन शब्द होते. तेवढी हवा लागते.’

कुणी ध चा मा केला नव्हता इथे.
अक्षरच नव्हतं बदलायला.
होकार आणि नकाराआधीचा श्वास
एकाच दाराने आत येतात,
एवढंच.
आणि ती परकी होती तोवर
हा श्वास तिला नुसता श्वासच ऐकू आला असता;
हे तिने त्या खोलीत नाही,
घरी जाताना गाडी बंद करून, काच पुसता पुसता
स्वतःला सांगितलं.

आता नियम आहे. पूर्ण वाक्यं, उलट वाचून दाखवायची.
सिक्स्टन शाळेतल्या मुलासारखा म्हणतो:
‘नांगर दोन. रेषेच्या अलीकडे. थांबलेला.’
मग थोडं थांबून, नियमात नसलेलं,
‘खरंच थांबलेला, यिल्वा.’

दुकानात अजून सगळे हवा पितात.
पिशवी हवी का, विचारलं की
ती मोठ्याने ‘हो’ म्हणते, गरजेपेक्षा मोठ्याने,
आणि मुलगी दचकून वर बघते.

कधी रात्री त्याच्या हातून बटण दाबलेलं राहतं.
वायपरचा आवाज येतो, थर्मासचं झाकण,
आणि मग एक घोट हवा आत.

लाल पट्टीवर बोट ठेवून
ती वाट बघते,
पुढे काय येतंय त्याची.